पदपथ कोणाचा?

(अंधेरी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



३ जुलै २०१८ रोजी सकाळी येथल्या गोखले पुलाचा एक भाग रेल्वेरुळांवर कोसळला आणि पुढे त्यात दोघांचे प्राण गेले. पडला तो भाग पदपथाचा होता, हे आज कितीजणांच्या स्मरणात आहे? नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळेना! त्यावर हशा पिकला, टीकाही झाली. परंतु सारी चर्चा मोटारींच्या खोळंब्याची होती. पायी जाणाऱ्याचे काय, हा प्रश्न आपणही नेटाने विचारला नाही.

मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होत असल्याचे आढळले होते. म्हणजे चालणारे बहुसंख्य आहेत. तरी त्यांच्या वाट्याला येते ती मोटारींना देऊन उरलेली जागा. २००८ पासून उपनगरांत स्कायवॉक उभे राहिले. त्यामागची विचारसरणी ओळखली पाहिजे. बाजाराची पिशवी घेतलेल्या म्हातारीने जिने चढावेत, कारण खालचा रस्ता मोटारीला मोकळा हवा! सायकलचेही तेच. दूधवाला, पेपरवाला, डबेवाला यांचे ते पोटापाण्याचे वाहन. परंतु सरकारी आराखड्यात ती हौशी लोकांची करमणूक ठरते.

गोरेगावात मृणालताई गोरे यांचे नाव एका उड्डाणपुलाला दिले आहे. हंडा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या बायांच्या नेत्याचे स्मारक मोटारींसाठी असावे, याचे मला वाईट वाटते.

येथे एका सापळ्यापासून सावध राहावयास हवे. पदपथ मोकळा करा म्हटले की पहिली धाड फेरीवाल्यावर पडते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरांत फेरीला मनाई केली. गर्दीच्या तोंडाशी वाट मोकळी असावी, हे मलाही मान्य आहे. परंतु २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना हक्काच्या जागा द्यावयाच्या होत्या, त्याचे काय झाले? भाजीची टोपली जप्त करावयास पालिकेची गाडी येते. तिच्या शेजारी दिवसभर फुकट उभ्या असलेल्या मोटारीने चार टोपल्यांची जागा अडवलेली असते, तिला कोणी हात लावीत नाही. चालणारा आणि विकणारा एकाच वर्गातले आहेत. त्यांची भांडणे लावून मोकळी होणारी जागा शेवटी मोटारीलाच मिळते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. तेव्हा प्रत्येक शाखेने एक मोजपट्टी घ्यावी. बोरिवलीने स्वामी विवेकानंद मार्गापासून, घाटकोपर-मुलुंडने लालबहादूर शास्त्री मार्गापासून आरंभ करावा. कोठे किती जागा आहे आणि ती कोणी अडवली आहे, हे लिहून वॉर्ड ऑफिसात न्यावे. जाताना चालत जावे, आणि फेरीवाल्यांनाही बरोबर घ्यावे.