ध्वनिमुद्रकाचा व्यवसाय
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आजवर डॉक्टर, वकील, इंजिनियर आणि बँकेतील अधिकारी यांना मिळत आला. यंदा तो आयुष्यभर खांबाआड उभे राहून दुसऱ्यांचे बोलणे टिपणाऱ्या माणसास का मिळाला, याचे कारण चिटणिसांनी आम्हास मोकळेपणी सांगितले आहे. विद्यार्थी-साहाय्य निधीकडे एका मुलीचा अर्ज आला आहे. तिला ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. निधीच्या नियमांत ‘तांत्रिक शिक्षण’ असे शब्द आहेत. नाटक-सिनेमाच्या कामास ते लागू करावेत की नाही यावर समितीत दोन तट पडले, तेव्हा या धंद्यात ज्याचे केस पिकले त्यालाच विचारावे असे ठरले. आम्ही शिफारस करावयास आलो नाही; निर्णय समितीचा आहे. हे काम काय असते, एवढेच सांगावयाचे आहे.

लोकांची समजूत अशी की, ध्वनिमुद्रक म्हणजे बटण दाबणारा. सुरुवातीच्या काळात आमचीही समजूत फारशी वेगळी नव्हती, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली. एका गावी एका वयोवृद्ध कीर्तनकारांचे कीर्तन फितीवर घेण्याचे काम आमच्याकडे आले. त्या वेळच्या फिरत्या यंत्रावर सहाशे फुटांची फीत सेकंदास साडेसात इंच या वेगाने सोळा मिनिटांत संपे. म्हणून आमचे सारे लक्ष रिळे बदलण्याकडे आणि यंत्रावरील काट्याकडे होते. काटा उत्तम डोलत होता. हेडफोन मात्र गळ्यात होता, कारण शेजारी बसलेल्या यजमानांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आम्हास शिष्टाचाराचे वाटले. परत येऊन ऐकतो तो सबंध कीर्तनाखाली विजेची एकसुरी घरघर! आमची मायक्रोफोनची तार दिव्यांच्या तारेला चिकटून गेली होती. बुवा त्यानंतर काही महिन्यांतच वारले. त्यांचे पूर्वरंगाचे निरूपण आजही आमच्याजवळ आहे आणि ते कोणालाही ऐकविण्याजोगे नाही. काटा आवाज किती आहे ते सांगतो, कसला आहे ते सांगत नाही. हे वाक्य पुस्तकात होते, आम्ही परीक्षेत लिहिलेही होते.

तेव्हा या व्यवसायातील पहिले कौशल्य ऐकण्याचे. घरात बसलेल्या माणसाला पंखा ऐकू येत नाही, कारण मेंदू तो आपोआप वगळतो. मायक्रोफोनला मेंदू नसतो. तो पंखा, शीतकपाट, शेजारच्या कुकरची शिट्टी, दूरची लोकल, हे सारे सारख्याच इमानाने घेतो. म्हणून ध्वनिमुद्रक खोलीत शिरला की प्रथम स्वस्थ उभा राहून कान लावतो. शीतकपाट बंद करावयाचे, तर ते पुन्हा सुरू करण्याची आठवण राहिली पाहिजे, नाहीतर यजमानांचे दूध नासते. यावर आमच्या धंद्यातील जुनी युक्ती म्हणजे आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवून द्यावी. (हे ऐकून हसणाऱ्या भगिनींना सांगतो की, आम्ही एकदा किल्ली ठेवावयास विसरलो होतो.) भिंती उघड्या असतील व खोली घुमत असेल, तर गोधड्या टांगाव्यात, त्यासाठी विलायती सामग्री लागत नाही.

दुसरे कौशल्य अंतराचे. तोंडापासून मायक्रोफोनचे अंतर दुप्पट केले की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे दूरचा आवाज केवळ लहान होत नाही, तो विहिरीतून आल्यासारखा होतो. आवाज नंतर वाढविता येतो. अंतर नंतर कमी करता येत नाही. अलीकडे बत्तीस बिटांची नवी यंत्रे आली आहेत. पातळी लावण्यात चूक झाली तरी ती बरीचशी पोटात घालतात. पंखा पुसून काढणारे संगणकीय कार्यक्रमही निघाले आहेत, आणि आम्हीही ते वापरतो. पण घरघरीबरोबर ‘स’ आणि ‘फ’ यांची धारही खरवडली जाते, आणि माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलू लागतो. मायक्रोफोन चुकीच्या जागी ठेवल्यावर त्याची भरपाई करणारे यंत्र आमच्या पाहण्यात नाही.

म्हणूनच लांब काठीवर, म्हणजे बूमवर, मायक्रोफोन धरणारा सहायक हा बिनकसबी मजूर नव्हे. दोन्ही हात डोक्यावर ताणून, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बोटभर बाहेर राहून, त्याची सावलीही पडू न देता, बोलणाऱ्याच्या तोंडामागे तो फिरवावयाचा. आणि पुढचे वाक्य कोणाचे आहे हे नटाइतकेच पाठ असावयाचे. कपड्यांत लपविण्याच्या छोट्या मायक्रोफोनची तऱ्हा वेगळी. खळ दिलेले कडक सुती, सळसळणारे रेशीम, हातभर बांगड्या, हे त्याचे वैरी. नऊवारीतील नटीच्या अंगावर तो कोठे लावावा हे वेशभूषा सांभाळणाऱ्या बाईंशी नीट बोलून ठरवावे लागते, आणि येथे मुलीला हे काम पुरुषापेक्षा सुकर जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. शेवटी, प्रसंग आटोपल्यावर सर्वांना अर्धा मिनिट गप्प उभे करून त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी लागते. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते; संवाद जोडताना मधल्या फटी तिनेच भराव्या लागतात. पन्नास माणसांना अर्धा मिनिट गप्प ठेवणे हे या सर्वांत कठीण, हे या सभागृहात वेगळे सांगावयास नको.

या विद्येचा आपल्या देशातील इतिहास थोडक्यात सांगतो. कलकत्त्यास १९०२ साली गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायल्या आणि शेवटी आपले नाव मोठ्याने इंग्रजीत बोलल्या. तबकड्या जर्मनीत बनत, तेथील कारागिरांना गायिका कोण हे त्यावरून कळे. पहिला हिंदी बोलपट ‘आलमआरा’ १९३१ साली मुंबईत निघाला, तेव्हा स्टुडिओजवळून आगगाड्या जात म्हणून चित्रण बहुतांशी रात्री होई आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपविलेले असत. पुढे पुष्कळ वर्षे गोंगाटी कॅमेऱ्यांमुळे संवाद मागाहून स्टुडिओत म्हणवून घेण्याची चाल पडली. १९२२ साली वारलेले भास्करबुवा बखले आणि १९४६ साली वारलेले अल्लादियाखाँसाहेब यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्यापाशी नाही. शिष्यांच्या गळ्यांतून आलेले आपण ऐकतो. त्यांचा स्वतःचा स्वर कसा होता ते कोणी सांगू शकत नाही. बालगंधर्वांचा स्वर मात्र आजच्या मुलांच्याही कानी पडतो. कोणीतरी यंत्र लावले होते म्हणून!

आता शिक्षणाविषयी. पुण्यास जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सरकारने जी चित्रपटसंस्था काढली, तेथे ध्वनिमुद्रण व ध्वनिसंरचना हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यास बारावीला पदार्थविज्ञान शिकलेला पदवीधर लागतो. २००९ साली ध्वनिमिश्रणाच्या ऑस्करात भागीदार झालेले रसूल पूकुट्टी याच संस्थेतून बाहेर पडले. आमच्या पिढीने ज्यांच्याकडे आदराने पाहिले ते राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई तर मराठीच. विद्युत्, ध्वनिशास्त्र, यंत्राची देखभाल, संगणक हे सारे ज्यात येते त्याला तांत्रिक म्हणावयाचे नसेल, तर तांत्रिक कशाला म्हणावे, हे समितीने ठरवावे.

पण मुलीच्या आईवडिलांपासून काही लपविणे बरे नव्हे. नोकऱ्या थोड्या, बहुतेकांना कामापुरते बोलावणे येते. दिवस बारा तासांचा, कधी त्याहून मोठा. पैसा उशिरा येतो आणि कधी येतच नाही; एका निर्मात्याकडील आमची बाकी बुडाली ती बुडालीच. स्वतःची यंत्रे घ्यावी लागतात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने कान जातात, म्हणून आवाज मर्यादेत ठेवून काम करण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. उलटपक्षी कामाची क्षेत्रे वाढली आहेत. चित्रपटाखेरीज मालिका, माहितीपट, नाट्यगृहे, सामन्यांची प्रक्षेपणे, श्राव्य पुस्तके, सर्वांना ऐकणारा माणूस हवाच असतो. आमचा संसार यावरच झाला.

आणि एक घरातलीच गोष्ट. गेल्या वर्षी मंडळाने ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी भ्रमणध्वनीवर मुद्रित केल्या. उपक्रम स्तुत्य होता. त्यातील नव्वदी उलटलेल्या एका आजींनी जात्यावरच्या ओव्या सांगितल्या होत्या. त्या दिवाळीनंतर गेल्या, आणि मुद्रण दुरुस्तीसाठी आमच्याकडे आले. डोक्यावर पंखा, यंत्र आठ हात लांब टेबलावर, मधे चहाच्या कपबशा. आम्ही चार रात्री बसलो. पहिल्या तीन ओव्या बऱ्यापैकी निघाल्या. पुढे आजींचा आवाज थकला आहे आणि पंख्याचा थकलेला नाही. कुटुंबीयांस तेवढ्या तीनच देताना आम्हास ते कीर्तनकारबुवा आठवले.

राहिलेल्या ज्येष्ठांची यादी चिटणिसांकडे आहे. तीत एकोणीस नावे आहेत. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या कार्यालयात आम्ही आमची यंत्रे घेऊन बसू. अर्जदार मुलीने मदतनीस म्हणून यावे, असे आम्ही तिला कळविले आहे, आणि तिने होकार दिला आहे. आजीआजोबांना आणणाऱ्यांनी कृपया भ्रमणध्वनी घरी ठेवावेत. पंखे बंद राहतील. विंझणे बरोबर आणावेत.