जागा कोणाच्या नावावर?



महाराष्ट्र सरकारनं २००८ साली आपल्यासाठी घरकुल योजना काढली आणि तिला नाव दिलं रमाईचं. त्या माउलीनं परळच्या बीआयटी चाळीत संसार ओढला. राजगृहात तिला फार दिवस मिळाले नाहीत; २७ मे १९३५ ला ती गेली. तिच्या नावानं घर मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

पण योजनेचा कागद नीट वाचा. पक्कं घर नसलेल्या अनुसूचित जातीच्या, नवबौद्ध कुटुंबाला अनुदान. बरीच वर्षं खेड्यात १,२०,००० रुपये, घर २६९ चौरस फुटांचं. आणि अट काय? जागा स्वतःची पाहिजे. मेख इथंच आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला. आमची वस्ती गावाच्या कडेला, सरकारी जागेवर. बाप तिथंच जन्मला, तरी सरकारदरबारी तो अतिक्रमणवाला. घरकुलाचा अर्ज घेऊन गेला तर बाबू म्हणतो, "बुढ्या, जागेचा कागद आण." बाप म्हणाला, "कागद असता त तुह्याकडं काहाले आलो असतो?"

वर्धा म्हणे सुधारणेची भूमी! १९२८ ला जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर आपल्याला खुलं केलं. १९३६ ला गांधी सेगावात राहायला आले, त्याचंच पुढं सेवाग्राम झालं. त्यांची कुटीसुद्धा बजाजांच्या जमिनीवर उठली. देवळाचं दार उघडलं, सातबाऱ्याचं उघडलं नाही. जमीन ज्याची होती त्याचीच राहिली.

२०१५ पासून बेघराला जागा घ्यायला ५०,००० रुपये मिळू लागले, पुढं रक्कम वाढली. पण गावात आपल्याला जागा विकतो कोण? मग ज्या जागेवर राहतो तीच नावावर का होऊ नये? १ जानेवारी २०११ पूर्वीची, सरकारी जागेवरची राहती घरं नियमित करण्याचा शासन निर्णय २०१८ साली निघालाय. तो किती गावांत वाचला गेला?

तुम्ही शहरात शिकता, कागद वाचता येतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा हा निर्णय घेऊन जा. ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. वस्तीतली घरं मोजा. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मतदार यादीतली नावं गोळा करा. घरागणिक अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. जमीन मायच्याही नावावर लावा. आधी जागा, मग विटा.

जयभीम.