एकच लेन्स घ्यायची तर कोणती?

आम्ही कोरेगाव भीमाच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आम्ही गटाच्या फोटोच्या कामाबद्दल थोडं सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "कॅमेरा घेतला ते कळलं, पण लेन्स कोणती घ्यायची?" आज तेवढंच सांगणार आहोत. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, थोडे आकडे येतील.

आधी हे काम आम्ही का धरलं ते ऐका. आमच्या एका मैत्रिणीची आई वारली. दहाव्याला फोटो ठेवायचा होता. सगळं घर शोधलं. मुलांच्या लग्नाचे तीन अल्बम निघाले, पण त्यात म्हातारी कुठंच नव्हती. लग्नात ती चुलीपाशी होती, बारशाला पाळण्यामागं होती, आणि घरातला मोठा फोटो काढला तेव्हा पाहुण्यांना चहा करत होती. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. त्या फोटोत ती स्वतःसारखी दिसतसुद्धा नव्हती. त्या दिवशी आम्ही ठरवलं की आपल्या बायांचे फोटो आपणच काढायचे. शिवाय हळद, डोहाळजेवण, बारसं अशा कार्यक्रमांत बाई फोटो काढायला आली तर बायका मोकळ्या वावरतात. म्हणजे काम मिळण्यासारखं होतं.

गटाच्या बचतीतून कर्ज काढलं आणि जुना फुल फ्रेम कॅमेरा घेतला. फुल फ्रेम म्हणजे काय? कॅमेऱ्याच्या आत जिथं फोटो उमटतो ती पट्टी ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते, जुन्या रोलच्या फिल्मएवढी. पट्टी मोठी असल्यामुळं कमी उजेडात फोटो बरा येतो. आमचे निम्मे कार्यक्रम दिवेलागणीनंतरच असतात, म्हणून हा घेतला.

कॅमेऱ्याबरोबर एक छोटी लेन्स आली होती, २८-७० ची. पहिल्याच हळदीला तिनं आम्हाला रडवलं. दहा बाय दहाची खोली, नवरीभोवती बाया, आणि आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या. तरी कडेच्या दोघी तिघी फोटोच्या बाहेर. जवळून चेहरा घ्यायला गेलो तर फोटो काळा, उजेड वाढवला तर हललेला. ज्यांच्या घरी कार्य होतं त्या बोलल्या काहीच नाहीत, पण पैसे आम्हीच कमी घेतले.

मग गटाच्या बैठकीत लेन्सचा विषय निघाला. आमच्यातल्या थोरल्या आक्का म्हणाल्या, "कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. ही लेन्स कुणाच्या घरातली चूल पेटवणार आहे?" प्रश्न बरोबर होता. म्हणून ठरलं की घ्यायची ती एकच, आणि तिनं सगळी कामं केली पाहिजेत. दोन-तीन लेन्सा गळ्यात अडकवून फिरणं आपल्याला परवडणारही नाही आणि जमणारही नाही.

आता आकड्यांकडे येऊ. लेन्सवर २४-७०, २४-१०५, २८-२०० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा लहान तेवढं जास्त रुंद दिसतं. दुसरा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. फुल फ्रेमसाठी सोपा हिशोब आहे. आपण जितक्या फुटांवर उभ्या आहोत त्याला ३६ नं गुणा आणि लेन्सच्या आकड्यानं भागा. जेवढे फूट येतील तेवढी रुंदी फोटोत मावते.

दहा फुटांवर उभं राहून करून बघा. २४ वर पंधरा फूट मावतात. २८ वर तेरा फुटांना थोडं कमी. ७० वर पाच फूट. १०५ वर साडेतीन फूट, म्हणजे एका बाईचा चेहरा आणि खांदे. आम्ही समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं या रेघा मारल्या आणि बायांना उभं करून बघितलं. २४ आणि २८ मध्ये कागदावर चारचाच फरक, पण फरशीवर दोन फुटांचा. दोन फुटांत दोघी जणी उभ्या राहतात. हळदीला बाहेर राहिल्या होत्या त्या ह्याच दोघी.

म्हणून पहिली गोष्ट ठरली. लेन्स २४ पासून सुरू होणारी हवी. मात्र २४ वर काढताना एक सांभाळा. अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओढल्यासारखा रुंद होतो. म्हाताऱ्या माणसांना मधे घ्या, कडेला मांडवाचा खांब किंवा पडदा येऊ द्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. लेन्सवर एफ २.८, एफ ४ असा आकडा असतो. हा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं. एफ २.८ मधून एफ ४ च्या दुप्पट उजेड येतो, आणि एफ ५.६ च्या चौपट. काही लेन्सवर दोन आकडे असतात, जसे ३.५-५.६. म्हणजे झूम लांब केली की भोक लहान होतं. आमच्या पहिल्या लेन्सचं हेच झालं. चेहरा जवळ आणला की उजेड जायचा. एकच आकडा लिहिलेला असेल तर झूम कितीही फिरवा, उजेड तेवढाच राहतो. कार्यक्रमाच्या कामाला तशी लेन्स बरी.

मग २.८ च का घेऊ नये? आमच्या धाकट्या मैत्रिणींचा हट्ट तोच होता. २४-७० ची एफ २.८ लेन्स उत्तमच असते, लग्नाचे मोठे फोटोग्राफर तीच वापरतात. पण ती महाग असते आणि जड असते. सोनीची पहिली मिररलेस २४-७० एफ २.८ लेन्स ८८६ ग्रॅमची आहे, सिग्माची पहिली मिररलेस लेन्स ८३० ग्रॅमच्या आसपास. कॅमेरा साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅमचा धरला तर हातात दीड किलो होतं. दीड लिटर दूध हातात धरून सकाळपासून वरातीपर्यंत उभं राहून बघा. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ हलकी आहे, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि किमतीलाही कमी. पण ती २८ पासून सुरू होते, आणि आमच्या खोल्या लहान.

दुसरीकडं एफ ४ च्या लेन्सा. सोनीची २४-१०५ आहे, ६६३ ग्रॅमची. कॅननची २४-१०५ सातशे ग्रॅमची. निकॉनची २४-१२० आहे, ६३० ग्रॅमची. उजेड २.८ च्या निम्मा, पण लांबचं जास्त जवळ येतं. कॅननची आणखी एक २४-१०५ आहे, ४ ते ७.१ ची, चारशे ग्रॅमच्या आत. हलकी आणि स्वस्त, पण लांब केली की एफ ४ च्या तिसऱ्या हिश्शाएवढाच उजेड उरतो. बाहेर उन्हात काम असेल तर चालेल, रात्रीच्या मांडवात नाही.

वाद मिटेना, तेव्हा आम्ही पुण्याहून दोन लेन्सा एका दिवसाच्या भाड्यानं आणल्या. एक २.८ ची, एक ४ ची. ही गोष्ट तुम्ही नक्की करा. दुकानाच्या लख्ख उजेडात सगळ्याच लेन्सा चांगल्या दिसतात. आम्ही संध्याकाळी सात वाजता एका घरच्या चुलीपुढं गेलो. भाकरी थापणाऱ्या आजींचे दोन्ही लेन्सनं फोटो काढले. २.८ च्या लेन्सला आयएसओ ३२०० पुरला, ४ च्या लेन्सला ६४०० लागला. आयएसओ वाढला की फोटोत बारीक रवा दिसतो. दोन्ही फोटो आठ बाय बाराच्या आकारात छापून आणले आणि बैठकीत फिरवले. कुठला कुठल्या लेन्सचा ते सांगितलं नाही. आक्कांनी दोन्ही धरून बघितले आणि म्हणाल्या, "मला तर दोन्हीत आजीच दिसतात." रवा कुणाच्याच लक्षात आला नाही. २४ वर मात्र चूल, परात, आजी आणि मागं बसलेली नात, सगळं आलं होतं.

तेव्हा आम्ही २४-१०५ एफ ४ घेतली, वापरलेली. अंधारासाठी फ्लॅश वापरतो, पण तोंडावर मारत नाही. छताकडं वळवून मारतो, उजेड मऊ होऊन खाली येतो. छत पत्र्याचं किंवा धुरानं काळं असेल तर एका मैत्रिणीच्या हातात पांढरी चादर देतो. हिरव्या भिंतीवर मारू नका, नवरी हिरवी दिसते. पुढं हप्ते फिटले की ५० ची एफ १.८ लेन्स घेणार आहोत. तिला झूम नसते, पण एफ ४ च्या जवळपास पाचपट उजेड देते.

काही लेन्समध्ये हात स्थिर करायची सोय असते. तिनं आपल्या हाताचा थरकाप सांभाळला जातो, समोरच्याचा नाही. नाचणारी मावशी तरीही हललेलीच येणार. माणसं हलत असतील तर शटर १/१२५ च्या खाली आणू नका, नाच असेल तर १/२५० ठेवा.

आता तुम्ही विचाराल, २८-२०० किंवा २४-२०० का नको, त्यात तर आणखी लांबचं येतं. येतं, पण त्या लेन्सा लांब केल्यावर उजेड कमी देतात. आपलं काम माणसांजवळ उभं राहून करायचं आहे. आणि कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर १०५ वर काढलेला फोटो मधून कापून २१० सारखा करता येतो. कापल्यावर सहा मेगापिक्सेल उरतात, आठ बाय बाराच्या प्रिंटला ते पुरतात.

दर १ जानेवारीला भीमेपलीकडं पेरणे फाट्याजवळच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब आंबेडकर तिथं आले होते. लांबून लांबून आलेल्या आज्या पांढऱ्या साड्या नेसून उभ्या असतात. त्या गर्दीत आणि धुळीत लेन्स बदलत बसायला जागा नसते. तिथं या एका लेन्सचा खरा उपयोग कळला. २४ वर सगळं कुटुंब आणि मागं स्तंभ, तिथंच उभं राहून १०५ वर नुसता आजीचा चेहरा. आधी विचारायचं, मग काढायचा, आणि पत्ता घेऊन फोटो पाठवायचा.

जुनी लेन्स घेणार असाल तर हे तपासा. आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटला ती बसते का? फुल फ्रेमचीच आहे ना? निकॉनच्या लेन्सवर डीएक्स, कॅननच्या लेन्सवर ईएफ-एस लिहिलेलं असेल तर ती लहान पट्टीच्या कॅमेऱ्याची आहे. मागून टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. झूमची कडी अडकत नाही ना, दोन्ही टोकांना फोकस होतो ना, हे दहा-वीस फोटो काढून बघा. बिल मागा.

ज्यांच्याकडं लहान पट्टीचा कॅमेरा आहे त्यांनी ही लेन्स घेऊ नये. तिथं २४ चं ३६ होतं आणि खोली मावत नाही. तुम्हाला १७-५० किंवा १८-१३५ सारखी लेन्स बरी.

सांभाळण्याचं थोडं. झूम पुढंमागं करताना लेन्स हवा आत ओढते. जेजुरीचा भंडारा किंवा मिरवणुकीतला गुलाल उडत असेल तेव्हा झूम कमीत कमी फिरवा. पुढं साधी फिल्टर काच लावा. पदरानं पुसू नका, आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला. तांदळात ठेवू नका, पिठूळ धूळ आत जाते.

एक शेवटचं. होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या बाई वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, साडी नेसून भारी कॅमेरे घेऊन काम करायच्या. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा अशा कॅमेऱ्यांना झूम लेन्स नव्हतीच, पहिली बाजारात आली १९५९ साली. लांबचं जवळ आणायचं तर पायांनी जवळ जायचं, एवढंच होतं. तेव्हा लेन्स यायची वाट बघत थांबू नका. जी आहे ती घेऊन चुलीपाशी जा, मागच्या रांगेतल्या बाईला पुढं बोलवा.

चुलीपुढच्या त्या आजींचा फोटो आम्ही चौकट करून दिला. त्यांनी तो देवघराशेजारी लावलाय. आक्कांनी बैठकीत एवढंच म्हटलं, "पुढचा हप्ता वेळेवर भरा, आणि माझाबी एक काढा."

आम्ही काढला. तुमच्या घरातल्या आक्कांचा या आठवड्यात काढा, आणि छापून हातात द्या. नमस्कार.