निरवानिरव



आंब्याच्या दिवसांत, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कुणी मरणावर बोलायला उभा राहिला, तर श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात हे स्वाभाविकच आहे. संयोजकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांला भीत भीत विचारलेही, "विषय जरा अभद्र नाही का?" आम्ही म्हटले, ज्यातून श्रोत्यांपैकी एकही जण सुटणार नाही असा दुसरा विषय दाखवा, म्हणजे आम्ही हा सोडून देतो. ते हसले, आणि विषय कायम झाला.

आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर झाले. तेव्हा आत्मा अमर आहे किंवा नाही, हा प्रश्न आम्ही कीर्तनकारांवर आणि तत्त्वज्ञांवर सोपवतो. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचे जे हाल होतात, त्यांतले किती हाल, तो हयात असताना चार शब्द बोलला असता, तर टळले असते?

आपली मराठी भाषा मरणाच्या बाबतीत फार सावध आहे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणायची. कपाळाचे कुंकूही 'वाढते', आणि देवापुढचा दिवा मालवायचा नसतो, तो 'वाढवायचा' असतो. या शब्दांत माया आहे, आणि मायेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. परंतु याच भाषेत आणखी एक शब्द आहे, तो हल्ली आपल्या तोंडून ऐकू येत नाही. तो शब्द म्हणजे 'निरवानिरव'. जुन्या काळी काशीयात्रेला निघालेला माणूस परत येईलच याचा भरवसा नसे. म्हणून तो देणीघेणी सांगे, पोरेबाळे कुणाच्या तरी हाती सोपवी, दुखावलेल्या भाऊबंदांची गाठ घेई आणि मग गाव सोडी. त्याला कुणी अभद्र म्हणत नसे, शहाणा म्हणत. आज रेल्वे झाली, विमान झाले, काशी एका दिवसावर आली आणि निरवानिरव मात्र मागे पडली. जणू परतीचे तिकीट सर्वांच्याच खिशात आहे!

आमच्या युनियनच्या कचेरीत संप, बोनस, बडतर्फी यांची गर्दी असते असे लोकांना वाटते. असतेच. पण दर दोनचार महिन्यांनी एखादी बाई दारात येऊन उभी राहते. हातात कापडी पिशवी, तिच्यात मिळतील ती सर्व कागदपत्रे. अशीच एक भगिनी आली होती. नवरा फिटर, रात्रपाळीहून आला आणि पहाटे छातीत कळ येऊन गेला. वय सेहेचाळीस. प्रॉव्हिडंट फंडाच्या जुन्या अर्जावर नॉमिनी म्हणून आईचे नाव, आणि ती माउली चार वर्षांपूर्वीच वारलेली. बँकेची खाती दोन की तीन, कुणालाच ठाऊक नाही. विम्याचा हप्ता पगारातून कापला जाई, पण पॉलिसीचा कागद सापडत नव्हता. गावाकडच्या जमिनीवर वारसनोंद करायची तर दिराशी बोलणे बंद. पैसे बुडाले नाहीत, पण हाती यायला अकरा महिने लागले, आणि तेवढ्यात थोरल्या मुलाचे कॉलेज सुटले. ती भगिनी आम्हांला म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं हो. तर म्हणाले, मी मरायची वाट बघतेस काय?"

हे वाक्य आम्ही पुष्कळ घरांतून ऐकले आहे. बायकोने विचारावे तर ती अशुभ, मुलाने विचारावे तर तो लोभी, आणि म्हाताऱ्या बापाने आपण होऊन विषय काढावा तर "बाबा, असलं बोलू नका" म्हणून आपणच त्याचे तोंड बंद करतो. अशा रीतीने सगळे घर एकमेकांवरच्या प्रेमापोटी गप्प बसते. या गप्प बसण्याची किंमत मात्र जाणारा देत नाही. ती मागे राहिलेला देतो, आणि बहुतेक वेळा ती विधवा देते. आमचे सांगणे एवढेच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

आता थोडा कायदा पाहू. प्रॉव्हिडंट फंडाची योजना १९५२ सालची. तिच्यात असे कलम घातले गेले की लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजावे, आणि सभासदाने नवे करावे. कामावर लागताना पोरगा अविवाहित असतो, तो आईचे नाव लिहितो. लग्नात हजार माणसे जेवतात, पण तो एक कागद बदलण्याची आठवण हजारांतल्या एकालाही होत नाही. त्याच फंडाला जोडलेली १९७६ सालची विमा योजना आहे. कामगार नोकरीत असताना वारला तर तिच्यातून कुटुंबाला रक्कम मिळते, आणि २०२१ साली तिची कमाल मर्यादा सात लाख रुपये झाली. हे पैसे मागावे लागतात, आणि मागायचे तर असे काही आहे हे घरात माहीत असावे लागते.

दुसरी गोष्ट, नॉमिनी म्हणजे मालक, असा एक समज घट्ट बसला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली विम्याच्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत सांगितले की नॉमिनी हा पैसा हाती घेणारा, मालकी वारसांची. विम्यापुरता कायदा २०१५ साली बदलला आणि आईबाप, नवराबायको, मुले यांना नॉमिनी केल्यास तेच लाभधारक ठरू लागले. इतर ठिकाणी कुणाला काय द्यायचे हे ठरवायचे असेल, तर मृत्युपत्र करावे. त्याला स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. आपण सही करावी, दोन साक्षीदारांनी सही करावी, आणि ज्याला वाटा मिळायचा आहे त्याला साक्षीला घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुसलमान बांधवांना या बाबतीत त्यांचा स्वतंत्र कायदा लागू आहे, त्यांनी त्याप्रमाणे जाणत्याचा सल्ला घ्यावा. मार्च २०२४ अखेर आपल्या देशातल्या बँकांतून कुणीही न मागितलेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा झालेल्या ठेवी ७८ हजार कोटी रुपयांच्या वर होत्या. ही सगळीच मृतांची नव्हेत हे आम्ही जाणतो. पण त्यांत न बोललेल्या माणसांचा घाम किती असेल, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

परंतु पैशांची निरवानिरव ही त्यातल्या त्यात सोपी. देहाची निरवानिरव अवघड. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची हकीकत आपणांस ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांच्यावर अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ रोजी देह सुटेपर्यंत ४१ वर्षे त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना अन्न देणे थांबवावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला, तेव्हा त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला, आणि न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी तो अर्ज नाकारला. एका बाजूला करुणा होती, दुसऱ्या बाजूलाही करुणाच होती. त्या सेवेपुढे आम्ही हात जोडतो. पण खुद्द अरुणाताईंना काय हवे होते? ते सांगण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. पंचविसाव्या वर्षी असे कोण बोलतो?

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला की सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाला आपले वैद्यकीय इच्छापत्र आधी करून ठेवता येईल. त्याची रीत फार किचकट होती, ती २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी करण्यात आली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. आपल्याला बोलता येईनासे झाले तर आपल्या वतीने कुणी बोलावे, त्यांची नावे त्यात लिहायची. बरे होण्याची आशा उरली नाही, असे डॉक्टरांच्या एका मंडळाने आणि मग दुसऱ्या मंडळाने ठरवले, तरच त्याचा अंमल होतो. मनात आले तेव्हा लेखी रद्दही करता येते. २०२४ साली महाराष्ट्रात नगरपालिका-महानगरपालिकांतून अशी इच्छापत्रे सांभाळणारे अधिकारी नेमण्याची व्यवस्था झाली. सुई टोचून मारण्याची परवानगी यात नाही, आणि म्हाताऱ्यांना वाटेला लावण्याचा हा मार्ग नव्हे. आशा संपल्यावर केवळ यंत्राच्या जोरावर देह ओढत ठेवू नये, एवढेच त्यात मागता येते.

आणि "यंत्र नको" म्हणजे "काहीच नको" असेही नव्हे. वेदना शमवणारी, सोबत करणारी शुश्रूषा हे एक वेगळे शास्त्र आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उघडले. तिथे कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णांची अशी सेवा होते. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी संस्था काढली, आणि पुढे तेथील शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हे काम हाती घेतले. शिक्षक, दुकानदार, हमाल प्रशिक्षण घेऊन अंथरुणावरच्या रुग्णाकडे जाऊ लागले, लहान लहान वर्गण्यांतून औषधे येऊ लागली, आणि २००८ साली त्या राज्याने त्यासाठी धोरणच ठरवले. आम्हां युनियनवाल्यांना ही भाषा कळते. वर्गणी, स्वयंसेवक, पाळी लावून काम. जी माणसे संपात एकमेकांच्या घरी धान्य पोचवतात, त्यांना आजारी सोबत्याच्या उशाशी आळीपाळीने बसणे अशक्य का असावे?

आता दुःखाविषयी. आपल्या पूर्वजांनी दुःखाला वाट करून दिली होती. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नसे, शेजारी कडू घास घेऊन येत, दहावा-तेरावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असे. यातली कर्मकांडे कुणाला पटोत न पटोत, पण त्यांनी एक गोष्ट साधली होती. रडणाऱ्याला एकटे सोडले जात नसे. २०२० आणि २०२१च्या साथीत तेही हिरावले गेले. कित्येकांना आपल्या माणसाला खांदाही देता आला नाही, आणि ते रडणे अजून छातीत अडकून आहे. याच रूढींनी विधवेवर अन्यायही केला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. एका खेड्याने भर सभेत मरणाविषयी बोलून दाखवले, तेव्हा रूढी बदलली. घराघरांत कुजबुजून ती बदलली नव्हती.

कारखान्यात आम्ही पाहतो, चौथ्या दिवशी माणूस कामावर येतो आणि सोबती त्याला चुकवू लागतात. वाईट हेतूने नव्हे, काय बोलावे हे सुचत नाही म्हणून. अशा वेळी शहाणपणाचे बोलणे लागत नाही. "सगळे विसर, कामात मन गुंतव," असे तर मुळीच म्हणू नये. जेवणाच्या सुट्टीत शेजारी डबा उघडून बसावे, गेलेल्याचे नाव घ्यावे, "तिच्या हातची भाकरी आम्ही खाल्ली आहे," असे काही आठवले तर सांगावे. तो रडला तर रडू द्यावे. पुरुषाने रडू नये हे कुठल्या कायद्यात लिहिले आहे, ते आम्हांला अजून सापडलेले नाही.

मग सुरुवात कुठून करावी? आम्ही सभासदांना शंभर पानी वही आणायला सांगतो. पहिल्या पानावर खाती, विमा, फंड, देणी, येणी आणि मूळ कागद कुठे आहेत ते. दुसऱ्या पानावर आजारात काय हवे, काय नको, आणि आपल्या वतीने कुणी बोलावे. तिसऱ्या पानावर देहाचे काय करावे. डोळे द्यायचे असतील तर ते मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि आपण कार्ड भरलेले असले तरी घरच्यांची संमती लागते. ज्यांना काही सांगितलेलेच नाही, ते त्या घटकेला संमती देतील कशी? चौथ्या पानावर काय लिहायचे ते आम्ही सांगत नाही. कुणाची क्षमा मागायची असते, कुणाला चार शब्द सांगायचे राहिलेले असतात. वही भरली की ती कपाटात लपवू नये. घरच्यांना समोर बसवून वाचून दाखवावी, आणि दरवर्षी पाडव्याला पुन्हा उघडावी. न वाचलेली वही म्हणजे पुन्हा गप्प बसणेच होय.

पहिल्या दिवशी कुणी तरी उठून जाईल, कुणाचे डोळे भरतील. जाऊ द्या, भरू द्या. आमच्या सभासदांपैकी काहींनी ही वही केली आहे. त्यांतले दोघे आज नाहीत. त्यांच्या बायका कचेरीत आल्या त्या वही घेऊन, आणि एक म्हणाली, "रडायला तरी वेळ मिळाला, दादा."

 वहीला पन्नास रुपये पडतात. सभा संपल्यावर बाजार अजून उघडा असेल.