पालखी दारात येते, मग बोलावणे का नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात बोलते तसेच बोलणार आहे, गोड मानून घ्यावे.

शिमगा ते अक्षयतृतीया हा आपल्याकडचा माणसांनी भरलेला काळ. त्याआधी महाशिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वराचा छबिना होतो. गावोगावच्या पालख्या तिथे जमतात. मग होळी लागते. मुंबईकर मंडळी येतात, वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपे निघतात, खालूबाजा वाजतो आणि देवाची पालखी घरोघर फिरते. पुढे पाडव्याची गुढी, आणि चैत्रात कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि आपल्या मंडळाचे हळदीकुंकू.

आता या सगळ्या धांदलीत राबते कोण, ते पाहा. मुंबईकरांचे घर झाडून पाणी भरून ठेवते ती बहुधा मागे राहिलेली काकू नाही तर वहिनी. पहाटे उठून पुरण शिजवते तीच. त्या पुरणाचा नैवेद्य देवाला चालतो. पालखी तिच्याही दारात येते. देव काही तिचे घर टाळून पुढे जात नाही. पण पंधरा-वीस दिवसांनी चैत्राच्या हळदीकुंकवाची यादी होते, तेव्हा तिचे नाव त्यात नसते. का? तर तिचा नवरा वारला. देव ज्या दारात थांबतो, त्या दारात आपले बोलावणे का थांबत नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

नवरा जाणे हा बाईचा गुन्हा आहे का? २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यात तळिये येथे आणि आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. डोंगर खाली आला, त्याने कपाळावरचे कुंकू पाहिले नाही. मग आपण का पाहावे?

कोणी म्हणेल, रीत आहे. रीती बदलतात, आणि आपल्या मुलखात बदलल्या आहेत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसांना बंद होते. २० मार्च १९२७ रोजी, शिमग्याच्याच दिवसांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह ते पाणी प्राशन केले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी असेच करावे म्हणून परिपत्रक काढले. पण परिपत्रक काही हळदीकुंकवाचे बोलावणे करायला घरोघर फिरत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंदापासून यादी सुवासिनींची न करता घरांची करावी. पालखी जशी घर चुकवीत नाही, तसे आपणही चुकवू नये. एखादी म्हणेल, "मला नको गं बाई, लोक काय म्हणतील!" तिला हाताला धरून ओढू नये. कुंकू नको असेल तर फूल द्यावे, डाळ-पन्हे द्यावे, शेजारी बसवून घ्यावे. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे करावे. एका बोलावण्याने वर्षांचा संकोच जात नाही.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे पटायला वेळ लागेल. त्यांच्याशी वाद न घालता त्यांनाच पुढे करावे. सासूबाईंनी स्वतः जाऊन जावेला बोलावले, तर गावात कोण नाव ठेवणार?

आपल्या खोऱ्यातून वाहते ती सावित्री. तिचे पाणी भरताना कोण सुवासिनी आणि कोण नाही, हे तिने कधी विचारले नाही. आपण तिच्या काठच्या बायका. एवढे तिच्याकडून घेऊ या.