दहा यार्डांचा दंड

अमेरिकेतील महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत जो फुटबॉल खेळला जातो, तो चेंडू हाती घेऊन शंभर यार्डांच्या मैदानावर प्रतिपक्षाची भूमी पावलापावलाने हस्तगत करण्याचा खेळ आहे. आणि ज्या खेळात भूमी हीच संपत्ती, त्यात दंडही भूमीच्याच रूपाने वसूल व्हावा हे ओघानेच आले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चढाई करणाऱ्या संघाला पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. डाव सुरू होण्याआधीच कोणी हालला तर पाच यार्ड, प्रतिस्पर्ध्याला हातांनी धरून ठेवले तर दहा, आणि उघड दांडगाई केली तर पंधरा, अशी दंडाची सामान्य प्रतवारी आहे. एवढे ऐकून कोणासही वाटेल की अपराध दिसला की तितके यार्ड मागे मोजले म्हणजे पंचांचे काम संपले. परंतु त्यांची खरी कसोटी अपराध ओळखल्यानंतरच लागते. कारण दहा यार्ड मोजावयाचे हे ठरले तरी ते कोठून मोजावयाचे, हा मुद्दा शिल्लकच असतो.

मैदानावर सात किंवा आठ पंच असतात. त्यांतील मुख्य पंचाची टोपी तेवढी पांढरी, इतरांच्या काळ्या. अपराध दिसताच पंच एक पिवळे फडके जमिनीवर टाकतो, पण बहुतेक वेळा डाव मात्र थांबवीत नाही. फडक्याची ही युक्ती ओहायो संस्थानातील यंगस्टाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांची. 17 ऑक्टोबर 1941 रोजी झालेल्या सामन्यात ती प्रथम वापरली गेली, आणि ती फडकी त्यांच्या पत्नीने घरी शिवलेली होती; त्यापूर्वी पंच भोंगा वाजवीत. फडक्याचा गुण असा की ते मूकपणे अपराधाची नोंद करते आणि खेळ चालू राहू देते, त्यामुळे डाव संपल्यावर पंचांपुढे दोन गोष्टी येतात: प्रत्यक्ष डावाचा निकाल, आणि अपराधाचा हिशेब.

आपल्याकडील भूमापन खात्याचा मोजणीदार साखळी टाकण्यापूर्वी ज्या दक्षतेने हद्दीचा मूळ दगड शोधतो, त्याच दक्षतेने हे पंच मोजणीचे मूळ स्थान शोधतात. (साखळी तेथेही असतेच, दहा यार्डांची खरीखुरी साखळी घेऊन माणसे मैदानाच्या कडेला उभी असतात.) धावण्याच्या डावात धाव जेथे संपली ते मूळ स्थान, चेंडू पुढे फेकला जात असता अपराध घडला तर डाव जेथून सुरू झाला ते. बचाव करणाऱ्यांचा अपराध या स्थानाच्या पुढे घडो वा मागे, किंवा चढाई करणाऱ्यांचा त्याच्या पुढे घडो, या तिन्ही प्रसंगी मोजणी मूळ स्थानापासून. चढाई करणाऱ्यांनी मूळ स्थानाच्या मागे अपराध केला असेल तेव्हा मात्र प्रत्यक्ष अपराधाच्या जागेपासून. या सूत्रास पंच 'तीन आणि एक' म्हणतात. त्याला अपवाद पुष्कळ आहेत, आणि आज त्यांच्या वाटेला न जाणेच बरे.

उदाहरण घ्या. चेंडू चढाई करणाऱ्यांच्या स्वतःच्या चाळीस यार्डांच्या रेषेवर आहे, प्रयत्न तिसरा, आणि आठ यार्ड हवे आहेत. खेळाडू वीस यार्ड धावून प्रतिपक्षाच्या चाळीसच्या रेषेवर पडला. परंतु वाटेत, स्वतःच्या सत्तेचाळीसच्या रेषेवर, त्याच्या सहकाऱ्याने एका विरोधकास धरून ठेवले होते. दहा यार्ड सत्तेचाळीसपासून मागे मोजले जातात, चेंडू सदतीसवर येतो, तिसरा प्रयत्न पुन्हा होतो आणि आता अकरा यार्ड हवे असतात. हाच अपराध धावणारा पडला त्याच्या पाच यार्ड पुढे घडला असता, तर मोजणी धावेच्या शेवटापासून झाली असती, चेंडू मैदानाच्या मध्यावर आला असता आणि नवे चार प्रयत्न मिळाले असते. दंड तोच, अपराधही तोच, परंतु तेरा यार्डांची तफावत! न्याय यात असा की अपराधाच्या आश्रयाने जेवढी भूमी मिळाली तेवढी परत घ्यावी, आणि जी निर्दोषपणे मिळाली ती मात्र राहू द्यावी.

दंड घ्यावा की सोडावा हा अधिकार पंचाचा नव्हे, ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाचा. तिसऱ्या प्रयत्नात फेकलेला चेंडू वाया गेला आणि त्याच वेळी चढाई करणाऱ्यांनी कोणाला धरले असेल, तर दंड स्वीकारल्यास ते दहा यार्ड मागे जातील खरे, पण तिसरा प्रयत्न त्यांना पुन्हा मिळेल. दंड सोडल्यास चौथा प्रयत्न येईल आणि बहुधा ते चेंडू लाथाडून देतील. अशा वेळी पुष्कळदा दंड सोडण्यातच लाभ असतो. फिर्यादीला शिक्षा नाकारण्याची अशी मुभा देणारा कायदा मला मोठा समंजस वाटतो.

परंतु हिशेब चुकला तर काय होते, याची साक्ष 16 नोव्हेंबर 1940 चा कॉर्नेल आणि डार्टमाउथ या महाविद्यालयीन संघांचा हॅनोव्हर येथील सामना देतो. डार्टमाउथ तीन विरुद्ध शून्य असे पुढे होते. अखेरच्या मिनिटात कॉर्नेल त्यांच्या गोलरेषेच्या अगदी समीप आले. तीन प्रयत्न झाले, मग जादा विश्रांती मागितल्याबद्दल कॉर्नेलला पाच यार्ड दंड झाला, आणि चौथा प्रयत्नही वाया गेला. तरीही मुख्य पंच रेड फ्रीझेल यांनी चेंडू पुन्हा कॉर्नेललाच दिला, आणि त्या पाचव्या प्रयत्नावर कॉर्नेलने सामना जिंकला. चित्रफितीत चूक उघड झाली, फ्रीझेल यांनी ती कबूलही केली, परंतु निकाल फिरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कॉर्नेलनेच तारेने आपला विजय डार्टमाउथला देऊन टाकला.

पुढे चित्रफीत निवाड्यात आली तरी हिशेबाचे पेच संपले नाहीत. डोके-मानेवर हेतुपुरस्सर आघात करणाऱ्यास पंधरा यार्डांखेरीज सामन्यातून हाकलून देण्याचा नियम 2013 मध्ये आला, तेव्हा हकालपट्टीची चित्रफितीवरून फेरतपासणी होऊ लागली. मात्र चित्रफितीने खेळाडू निर्दोष ठरला तरी पंधरा यार्डांचा दंड कायम राहत असे! ज्या अपराधातून सुटका झाली त्याच अपराधाचा दंड भरावा लागणे ही विपरीत गोष्ट एक हंगाम चालली, आणि 2014 मध्ये नियमकर्त्यांनी ती दूर केली. पंधरा यार्ड सोडून देण्याची मुभा प्रतिपक्षाला याही अपराधात आहे. परंतु त्यांनी दंड सोडला तरी हाकललेला खेळाडू परत येत नाही, आणि माझ्या मते हेच उचित आहे, कारण यार्डांचा व्यवहार दोन संघांमधला असला तरी खेळाडूच्या मानेचा तसा नव्हे.