पारणे नसलेला उपवास



उपवासाला पारणे असते. गुरूंच्या साक्षीने पच्चक्खाण घेतले जाते, तप पूर्ण होते आणि घरची माणसे तपस्व्याला कौतुकाने पारणे घडवतात. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात पारण्याचा दिवस उगवतच नाही. वजन वाढण्याची भीती आणि स्वतःच्या देहाविषयीचा भ्रम यांमुळे अन्न सुटत जाते. बुलिमियात अतोनात खाणे व मागाहून उलटी काढणे दाराआड चालते. समाजात तपाला मान आहे, तो असावाच. पण त्याच मानाच्या आडोशाला हा आजार वर्षानुवर्षे लपू शकतो. सकाळी कोपरहून गाडी पकडणाऱ्या लेकीचा डबा वाटेतच कोणाला तरी दिला जातो, आणि संध्याकाळी घरी सांगितले जाते, ‘आज एकासणे होते’. मुलगेही यातून सुटलेले नाहीत.

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे हे तरुण तनामनाने सुदृढ होते. २४ आठवडे त्यांना जवळपास निम्माच आहार मिळाला. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घास चिवडत बसू लागले, चिडचिडे व एकलकोंडे झाले. लेक सर्वांसाठी हौसेने रांधते, स्वतः मात्र जेवत नाही आणि शब्दाशब्दाला संतापते, याचे पुष्कळसे मर्म येथे आहे. तो हट्ट नव्हे; उपासमारीने मनावर केलेला तो परिणाम होय.

१८७४ मध्ये विल्यम गल यांनी अशा रुग्णाच्या शुश्रूषेला नातलग सर्वांत अयोग्य ठरवले होते. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात ही समजूत उलटली. तेथील पद्धतीत अल्पवयीन रुग्णाच्या जेवणाची सूत्रे काही काळ आईवडीलच हाती घेतात. एकाने प्रत्येक जेवणाला शेजारी बसावे. वजन, रूप, कॅलरी हे विषय ताटावर काढू नयेत. जेवणानंतर तासभर सोबत द्यावी. ‘आता छान भरलीस’ हे कौतुकसुद्धा टाळावे, कारण रुग्णाच्या कानी ते ‘जाड झालीस’ असेच पडते. भावंडांना पहारेकरी करू नये.

फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकाएकी भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर संकट येऊ शकते. म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. भोवळ येणे किंवा नाडी मंदावणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाळी बंद झाली असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये. मनाच्या उपचारांसाठी ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि २०२२ पासून टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

राहिला पर्युषणाचा प्रश्न. तत्त्वार्थसूत्राने तपाला शक्तीची मर्यादा घातलेली आहे. आजारी लेकीने अठ्ठाईचा आग्रह धरला, तर पच्चक्खाणापूर्वीच महाराजसाहेबांना सर्व हकीगत सांगावी. स्वाध्याय, वैयावृत्त्य ही आभ्यंतर तपे तिला त्या आठ दिवसांतही मोकळी आहेत.